वेळेचा आकडा साफ वाचता आला पाहिजे

आपल्या दुकानातली मीटरपट्टी आणि तराजू ठराविक मुदतीने वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावे लागतात. पट्टीवर शिक्का नसेल तर दंड होतो, आणि तो योग्यच आहे. गिऱ्हाईक स्वतः माप घेत नाही, ते आपल्या मापावर भरवसा ठेवून पैसे देते. आता याच दुकानात कॉम्प्युटर आणि मोबाईल आले आहेत. कारागिरांची हजेरी, शिलाईचे तास, उधारीची मुदत, मालाच्या गाडीची वेळ हे सारे पडद्यावर आकड्यांत दिसते. हेही एक मापच आहे. पण या मापावर कुणाचा शिक्का नाही. आकडा वाचणाऱ्याला नीट कळतो की नाही, हे कोणी तपासत नाही. सॉफ्टवेअर तयार करणारा म्हणतो, आमचा आकडा बरोबर आहे. आमचे म्हणणे एवढेच की, वाचणारा जर तो चुकीचा वाचत असेल तर त्या बरोबर आकड्याचा उपयोग काय?

विषय लहान वाटेल. पण त्यात कारागिराची मजुरी आहे, व्यापाऱ्याचा दंड आहे आणि दोघांमधला विश्वास आहे. म्हणून या पानावर तो मांडावासा वाटला.

हाली की कलदार?

आकड्याजवळ त्याचे नाव लिहिलेले असावे, ही गोष्ट माहूरच्या बाजाराला नवी नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे वऱ्हाड, जे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात गेले. अलीकडे हाली सिक्का चालायचा, पलीकडे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा हिशोब होता. वहीत नुसते ७०० लिहिले तर ते सातशे कलदार की सहाशे कलदारांच्या बरोबरीचे सातशे हाली, हे कसे ओळखायचे? म्हणून रकमेशेजारी हाली की कलदार हे लिहावेच लागे. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले आणि पुढच्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. पण त्या वहीने शिकवलेली गोष्ट अजून खरी आहे. ज्या आकड्याला नाव नाही, तो आकडा कुणाचाच नाही.

आज पडद्यावर काय दिसते? ‘शिल्लक वेळ ९०’. नव्वद काय? सेकंद, मिनिटे की तास? एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कापड लावलेला कारागीर या एका शब्दावर ठरवतो की, जागेवर थांबायचे की नमाज अदा करून यायचे. ९० सेकंदांत धागा संपेल तर उठता येणार नाही. ९० मिनिटे असतील तर निवांत जाता येईल. एक लहानसा शब्द जोडायला सॉफ्टवेअरवाल्याला काहीच खर्च येत नाही.

वेळ अजून आण्यातच चालते

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रुपयाचे १६ आणे होते तेव्हा हिशोब आण्या-पैशांत होई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तेव्हापासून रुपयात टिंब देऊन लिहिणे सोपे झाले. ७.५० म्हणजे साडेसात रुपये, यात कुणाला शंका येत नाही. कापडही गजातून मीटरमध्ये आले आणि २.५० मीटर म्हणजे अडीच मीटर, हे दुकानातले पोरही सांगते.

पण तास मात्र शंभराचा झाला नाही. तो साठ मिनिटांचाच राहिला. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात १७९३ साली कायदा करून दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे करून पाहिली होती. ते लोकांच्या अंगवळणी पडले नाही आणि १७९५ मध्ये ते सोडून द्यावे लागले. तेव्हा असे समजा की रुपया नव्या पैशात गेला, कापड मीटरात गेले, पण वेळ अजून जुन्या आण्यातच चालते आहे. आण्यांना नव्या पैशासारखे लिहिले तर हिशोब बिघडणारच.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण वेळ लिहितानाही टिंबच देतो. लग्नपत्रिकेत ‘सायं. ५.३० वा.’ छापतात, जलशाच्या जाहिरातीत ‘रात्री ९.१५ वा.’ लिहितात. हे टिंब तास आणि मिनिटे वेगळी करणारे आहे. कॉम्प्युटरचे टिंब मात्र दशांशाचे आहे. आपण ५.३० वाचतो ते साडेपाच. कॉम्प्युटरला तासांच्या रकान्यात ५.३० दिले तर तो धरतो पाच तास आणि तासाचे तीस शतांश, म्हणजे पाच तास अठरा मिनिटे. तेच टिंब, तेच आकडे, आणि फरक बारा मिनिटांचा.

अठरा मिनिटांची मजुरी

हा फरक कुणाच्या खिशातून जातो ते पाहू. शिलाईच्या एखाद्या कारखान्यात कारागीर रोज ७ तास ४५ मिनिटे काम करतो. हजेरी लिहिणारा मुलगा वहीच्या सवयीने ७.४५ लिहितो आणि तेच कॉम्प्युटरमध्ये भरतो. कॉम्प्युटरला पौणेआठ तास सांगायचे असतील तर ७.७५ लिहायला हवे होते. त्याने ७.४५ धरले, म्हणजे ७ तास २७ मिनिटे. रोज अठरा मिनिटे गेली. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४६८ मिनिटे, म्हणजे ७ तास ४८ मिनिटे झाली. पुरा एक दिवस कारागिराने फुकट काम केले. तासाला ६० रुपये दर असेल तर महिन्याला ४६८ रुपये गेले. दहा कारागिरांचे ४,६८० रुपये झाले. मालकाने चोरी केली नाही, हजेरीवाल्याने केली नाही, कॉम्प्युटरने तर बेरीज-गुणाकार अगदी बरोबर केला. तरी मजुरी कमी पडली.

उलटेही होते. कॉम्प्युटरने ७.७५ तास दाखवले आणि वाचणाऱ्याने सात तास पंचाहत्तर मिनिटे समजून सव्वाआठ तासांचे पैसे दिले, तर नुकसान मालकाचे. सात तास पाच मिनिटांना कुणी ७.५ लिहिले तर कॉम्प्युटर साडेसात धरतो. म्हणून मिनिटांचे नेहमी दोन आकडे असावेत, पाच मिनिटे असतील तर ०५. आणि तास-मिनिटांमध्ये टिंब नको, दोन टिंबांचा विसर्ग असावा, ७:०५. सगळ्यांत उत्तम म्हणजे ‘७ तास ५ मिनिटे’. यात चुकायला जागाच उरत नाही.

सॉफ्टवेअरवाले यावर सांगतात की, मजुरीच्या दराने गुणायचे असेल तर दशांशच लागतो. त्यांचे म्हणणे खरे आहे. दशांशात गुणा, आमची हरकत नाही. पण ते पडद्याच्या आत करा. खानसामा मसाला कोणत्या पाट्यावर वाटतो हे पाहुण्याला दाखवावे लागत नाही. पाहुण्यापुढे ताट यावे. माणसाने भरायचे तास-मिनिटांत आणि माणसाला दाखवायचे तेही तास-मिनिटांत. मधला हिशोब मशीनने आपल्या भाषेत करावा.

मशीनची आतली भाषा किती निराळी असते याचा एक नमुना देतो. बहुतेक कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढेच मोजत असतात. त्यांच्या लेखी १७५००००००० ही एक वेळ आहे. आपल्या भाषेत ती १५ जून २०२५, रात्री ८ वाजून ३६ मिनिटे आणि ४० सेकंद. मशीनला पहिला आकडा सोयीचा, आपल्याला दुसरा. पावतीवर कुणी पहिला छापला तर आपण ती पावती परत करू. मग ७.४५ ची पावती का चालवून घ्यायची?

रमजानच्या रात्रीची हजेरी

आपल्या समाजात शिलाई, जरीकाम, काज-बटनाचे काम रमजानमध्ये रात्रीचे चालते. तरावीहनंतर बसलेला कारागीर सहरीपर्यंत मशीनवर असतो. रात्री ९ ला बसला आणि पहाटे ३:३० ला उठला, तर काम झाले साडेसहा तास. पण एक्सेलसारख्या तक्त्यात नुसत्या वेळा भरून वजाबाकी केली तर तो ३:३० मधून २१:०० वजा करायला जातो, उत्तर उणे येते आणि चौकटीत आकड्याऐवजी नुसत्या जाळीच्या खुणा दिसतात. कारण मधे रात्रीचे बारा वाजून तारीख बदलली, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. उपाय सोपा आहे. वेळेबरोबर तारीखही भरावी.

याच तक्त्यात दुसरी एक अडचण आहे. रोज ७:४५ असे सहा दिवस भरून बेरीज केली तर ४६ तास ३० मिनिटे यायला हवीत. पडद्यावर दिसतात २२:३०. बेरीज चुकलेली नसते. तक्ता त्या उत्तराला घड्याळातली वेळ समजतो, चोवीस तास पुरे झाले की ते गाळतो आणि उरलेले दाखवतो. घड्याळाचे ‘किती वाजले’ आणि कामाचे ‘किती वेळ लागला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोघांना एकच पोशाख घातल्याने हा घोळ होतो. एक्सेलमध्ये तासाच्या खुणेला चौकोनी कंस घातला की पूर्ण ४६:३० दिसतात. ज्यांच्याकडे आठवड्याची मजुरी कॉम्प्युटरवर निघते त्यांनी हे आजच तपासून पाहावे.

दिवस कधी बदलतो हा प्रश्न आपल्या बाजारात नेहमीचाच आहे. आपल्याकडे मगरिबला तारीख बदलते. जुम्मे की रात म्हणजे गुरुवारची रात्र. शेजारचा हिंदू व्यापारी वार सूर्योदयापासून धरतो. कॉम्प्युटर रात्री बाराला पान उलटतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ‘शुक्रवारी रात्री माल पाठवा’ असे सांगितले तर तिघे तीन अर्थ घेऊ शकतात. म्हणून निरोपात वार, तारीख आणि वेळ तिन्ही हवेत, आणि पडद्यावरही तिन्ही दिसायला हवेत. किनवट स्टेशनवर उभे राहणाऱ्या प्रवाशालाही हे माहीत असते: १५ तारखेची ००:१० ची गाडी म्हणजे १४ तारखेच्या रात्री घरून निघायचे.

महिना अक्षरांत लिहा

तारखेचेही तसेच. ०४/०५/२०२५ हे आपण चार मे वाचतो. अमेरिकन पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच पाच एप्रिल होते. उधारीची मुदत असेल तर हा जवळजवळ एका महिन्याचा फरक झाला. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांतच पैसे द्यायचे आहेत. ज्या कारागिराने माल बनवून दिला त्याच्यासाठी हे दिवस म्हणजे घरची चूल आहे. तिथे तारखेबद्दल वाद व्हावा, हे परवडणारे नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत उर्दू दस्तऐवज असतात. त्यांवर फसली सन असते आणि आजर, दै, बहमन असे महिने. १३५० फसली हे इसवी सन १९४० च्या ऑक्टोबरात सुरू झाले, म्हणजे ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. आज ही कागदपत्रे वाचणारे थोडे उरले आहेत. तरी ज्याने महिन्याचे नाव लिहिले आणि सनापुढे ‘फसली’ लिहिले, त्याचा कागद ऐंशी वर्षांनीही बोलतो. यावरून एवढेच घ्यावे की, महिना अक्षरांत आणि साल चारही आकड्यांत लिहावे. ‘४ मे २०२५’ याचे दोन अर्थ कुणी काढू शकत नाही.

आकड्यांच्या लिपीबद्दलही एक शब्द. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, व्यवहार मराठीत करतो आणि बिले इंग्रजीत छापतो. मराठीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठीतला एक इंग्रजी नऊसारखा, आणि उर्दूतला पाच अनोळखी माणसाला शून्य वाटतो. कोणतीही लिपी चालेल, पण एका पावतीवर एकच असावी. तारीख एका लिपीत आणि वेळ दुसऱ्या लिपीत, असे नको.

रात्री ११:५९ चा शहाणपणा

सरकारी कामातही चांगले उदाहरण सापडते, ते सांगितले पाहिजे. ई-वे बिल देशभर १ एप्रिल २०१८ पासून सुरू झाले. परराज्यातून ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल आणायचा तर ते लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. सुरतेहून माहूर सहाशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे चार दिवस. आता हा दिवस कसा मोजायचा? सोमवारी सकाळी बिल काढा नाहीतर रात्री, पहिला दिवस मंगळवारच्या अखेरीस संपतो. इथे कुणी ‘मंगळवार, रात्री १२’ असे लिहिले असते तर ट्रकवाला सोमवार संपतानाचे बारा समजला असता की मंगळवार संपतानाचे? बिलावर मुदत येते ती रात्री ११:५९ अशी. एका मिनिटाने मागे सरकून सगळी शंका मिटवली. मुदत उलटून गाडी पकडली गेली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. नवरात्रात रेणुकादेवीच्या यात्रेसाठी साड्या आणि खण भरून येणारी गाडी वाटेत अडली तर दंडाशिवाय हंगामही जातो. अशा ठिकाणी एक मिनिट मागे घेतलेला आकडा हजारो रुपयांचा असतो.

यावरून मुदतीच्या आकड्याचा एक नियम निघतो. मुदत दाखवताना ‘आणखी ३ दिवस’ एवढेच लिहू नये. आज धरून की उद्यापासून, हा वाद होतो. तारीख आणि वेळ लिहावी आणि शेजारी उरलेले दिवस दाखवावेत. पैसे पोचल्याच्या पावतीवर तर ‘२ दिवसांपूर्वी’ हे मुळीच चालणार नाही. तिथे नेमकी वेळच हवी.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. कुठले सॉफ्टवेअर ‘काम पूर्ण व्हायला २ तास १३ मिनिटे ४७.३८२ सेकंद’ असे दाखवते. हे सराफाच्या काट्यावर कांदे जोखण्यासारखे आहे. ४८,००० टाक्यांचे डिझाइन मिनिटाला ८०० टाक्यांच्या वेगाने एका तासात होते, पण मधे धागा तुटतो, रंग बदलावा लागतो, वीज जाते. ‘सुमारे सव्वा तास’ हे तिथे जास्त खरे उत्तर आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मराठीतही आणि उर्दूतही. मजुरीला मिनिट हवे, अंदाजाला पाव तास पुरे. ज्या कामाला जेवढी बारीक पट्टी लागते तेवढीच लावावी.

मागणी आपणच करायची

कुणी म्हणेल, लोकांनीच हे नवे आकडे वाचायला शिकावे. चोवीस तासांचे घड्याळ एसटी आणि रेल्वेमुळे लोक शिकलेच आहेत, १७:३० म्हणजे साडेपाच हे सगळ्यांना कळते. शिकायला आमची ना नाही. पण ज्याला शिकायला वेळ नाही, त्याची मजुरी कापली जावी, हा इन्साफ नाही. पडदा वाचणाऱ्याच्या सोयीचा करणे हे विकणाऱ्याचे काम आहे, जसे मापाची पट्टी गिऱ्हाइकाकडे तोंड करून धरणे हे आपले काम आहे.

कुरआनमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीन ही सूरह मापात कमी देणाऱ्यांबद्दल आहे. सूरह अल-बकरामधल्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिण्याची ताकीद आहे. आज आपल्या दुकानात लिहिणारा हा कॉम्प्युटर आहे. त्याला ईमान नाही, म्हणून त्याच्या लिहिण्याची जबाबदारी आपल्याकडे येते. तो इन्साफाने लिहितो की नाही, हे मालकालाच पाहावे लागेल.

तेव्हा व्यापारी आणि कारखानदार बांधवांनी पुढचे सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला चार गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात. रात्री ९ ते पहाटे ३:३० ची हजेरी भरून पाहा, साडेसहा तास येतात का? पौणेआठ तासांचे सहा दिवस जोडून पाहा, ४६ तास ३० मिनिटे दिसतात का? ४ मे ची तारीख टाकून पाहा, महिना अक्षरांत येतो का? आणि जिथे जिथे वेळेचा आकडा आहे, तिथे त्याच्याजवळ तास, मिनिट की दिवस हे लिहिलेले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर नाही असेल, तर तिथेच थांबून दुरुस्ती मागावी. कारागीर बांधवांनीही आठवड्याच्या पगाराची चिठ्ठी हातात आली की तासांचा आकडा वाचून, टिंबापुढे मिनिटे आहेत की दशांश, हे विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही, आणि सांगण्यात मालकाचे काही जात नाही.